धारच्या सुना, देवासचं माहेर

माळव्यातून परत आल्यापासून आमच्या वाईच्या घाटावर मला एकच प्रश्न विचारतात. "उज्जैनला जाऊन आलात ना? महाकाळेश्वर कसा आहे?" बायांनो, मी उज्जैनला गेले नाही. ओंकारेश्वरही आगगाडी नर्मदेच्या पुलावरून धडधडत होती तेवढ्यात त्या दिशेला हात जोडून उरकला. इतक्या लांब जाऊन एकही देव न बघता आलेली बाई म्हणून गावात माझी नाचक्की झाली आहे. तेव्हा म्हटलं, जे बघितलं ते तरी एकदा लिहून टाकावं, म्हणजे प्रत्येकीला निराळं सांगत बसायला नको.

मी बघितली ती माणसं. आपलीच माणसं. माळव्यात आपल्याला 'दक्षिणी' म्हणतात. पवारांच्या आणि होळकरांच्या फौजांबरोबर जी मंडळी कैक पिढ्यांपूर्वी तिकडे गेली, कोणी फडावरचा कारकून, कोणी भिक्षुक, कोणी शिंपी, कोणी सुतार, ती सगळी तिथे दक्षिणी. इकडे आपण देशस्थ, कोकणस्थ, कऱ्हाडे असं एकमेकांना चाचपून बघतो आणि मग पंक्तीला बसायचं की नाही ते ठरवतो. तिकडे 'दक्षिणी आहेत' एवढं कानावर पडलं की पाट मांडला जातो. ऐकायला किती छान वाटतं! मलाही वाटलं होतं. त्या छानपणाने माझी मुलगी पळवली, त्याची ही हकीकत.

माझी यमू धारला दिली आहे. जावईबापू तिथल्या दरबारात खजिन्याकडे आहेत. स्थळ चांगलं, माणसं चांगली, फक्त नकाशात बोट ठेवायला गेलं तर बोट पुरत नाही इतकं लांब. माघात तिला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काही मी सांगायला नको. आमच्या घरी आठव्या महिन्यात प्रवास करवत नाहीत, म्हणजे अमावास्येच्या आत तिला वाईला आणलं तर आणलं, नाहीतर राहिलं. मी मागची खोली सारवून ठेवली. माळ्यावरचा पाळणा खाली काढून त्याला रंग दिला. डिंक, अळीव, बाळंतशोपा, सगळं डब्यांतून भरलं. सासूबाईंची परवानगी मिळवायला जी यातायात केली ती वेगळी. यजमानांना शाळेतून रजा नव्हती आणि बापूभावजींना काम नव्हतं, म्हणून बापूभावजी बरोबर आले. हे माझे धाकटे दीर. सोबत म्हणून उत्तम. त्यांना जेवायला घातलं की ते कोणाशीही भांडत नाहीत, आणि नेमकी हीच गोष्ट पुढे नडली.

धार

महूला आगगाडी सोडली, तिथून टांगा. हाडं खिळखिळी होऊन धारला पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. गाव देखणं आहे हो. पाण्याचे तलाव जागोजाग, टेकाडावर लालसर किल्ला, आणि रस्त्यात भेटेल त्याच्या डोक्यावर पागोटं एवढं मोठं की खाली माणूस आहे की नाही वाकून बघावं.

विहीणबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी पायांवर पाणी घातलं, मिठी मारली, आणि माझ्या खांद्यावरून मागे बघून मोठ्याने हाक दिली, "आल्या गं!" त्यासरशी डाव्या-उजव्या घरांतून बायका बाहेर आल्या. त्यांनी मला मधे बसवलं आणि चौकशी सुरू केली. आडनाव, गोत्र, कुलदैवत, आईचं माहेर, आजीचं माहेर. आमच्याकडे अशी चौकशी माणसाला नकार देण्यासाठी करतात. तिथे ती माणसाला अडकवण्यासाठी करतात. पाण्याचा तांब्या रिकामा व्हायच्या आत मी तिघींची मावसबहीण आणि एकीची चुलत नणंद ठरले होते. ओसरीवर पुरुषांत बापूभावजींचंही तेच चाललं होतं. आत येऊन मला म्हणतात, "वहिनी, इथल्या पोस्टमास्तरांचे आजोबा आणि आपले आजोबा साडू!" मी म्हटलं, "आपल्या आजोबांच्या सख्ख्या भावाच्या घराशी आपला तुळशीवृंदावनावरून अजून दावा चालू आहे, ते त्यांना सांगितलंत का?" ते म्हणाले, "जाऊ द्या हो."

मग पानं मांडली. बाफले म्हणून एक प्रकार तिकडे करतात. कणकेचे गोळे आधी उकडायचे, मग गोवऱ्यांच्या धगीत भाजायचे, आणि मग तुपात असे बुडवायचे की गोळ्यात तूप आहे की तुपात गोळा ते कळू नये. वर आंबटगोड वरण. बापूभावजींनी पहिला बाफला फोडला आणि डोळे मिटले, ते बराच वेळ उघडले नाहीत.

माझं मात्र जेवणात लक्ष नव्हतं. वाढायला इतक्या बायका, आणि त्यांत यमू नाही. पहिल्यांदा वाटलं, लाजत असेल. मग वाटलं, निजली असेल. शेवटी ताक वाढायच्या वेळी न राहवून विचारलं, "विहीणबाई, यमू दिसत नाही ती?"

"सूनबाई ना? ती माहेरी गेली," विहीणबाई म्हणाल्या. "परवाच पोचवली."

माझा घास हातातच राहिला. "माहेरी? अहो, माहेरी कशी जाईल? माहेर तर हे इथे बसलंय, ताक पितंय!"

त्यांना माझं बोलणं मुळीच कळलं नाही. "देवासच्या माहेरी हो," त्या समजूत घालायच्या सुरात म्हणाल्या. मग कधीतरी त्यांच्या ध्यानात आलं की या बाईला काही ठाऊक नाही, आणि आजूबाजूच्या मावसबहिणी व नणंदा सरसावून मला समजवायला बसल्या.

प्रकार असा आहे. दक्षिणेतून आलेल्या सुनेचं खरं माहेर तिकडे साता नद्यांपलीकडे. नागपंचमीला कुठे जाणार, दिवाळीला भाऊ कुठून येणार? म्हणून सून आली की पहिल्याच हळदीकुंकवाला बायका बसून तिला एक माहेर नेमून देतात. आई, बाप, भाऊ, भावजया, सगळं तयार. आणि त्यालाही नियम. धारच्या सुनेचं माहेर देवासला, देवासच्या सुनेचं धारला. गावातल्या गावात चालत नाही. संध्याकाळी परत येता येतं ते माहेर कसलं, असं त्यांचं म्हणणं. टांगा करावा लागला पाहिजे, गाठोडं बांधावं लागलं पाहिजे, वाटेत धूळ खाल्ली पाहिजे.

"आणि बाळंतपणं?" मी विचारलं.

"तीही तिथेच. माझी चारही देवासला झाली," विहीणबाई म्हणाल्या. मग ताकाचं भांडं खाली ठेवत म्हणाल्या, "माझं खरं माहेर बार्शीकडचं. लग्नानंतर दोनदा गेले असेन. देवासची आई गेली तेव्हा उशाशी मीच होते. बार्शीची गेल्याचं मला कळलं तोवर तिचं मासिकश्राद्धसुद्धा होऊन गेलं होतं."

मी ताक प्यायले. पण माघार घेतली नाही. म्हटलं, "तुमचं खरं आहे विहीणबाई, पण मी यमूला वाईला न्यायला आले आहे. अमावास्येच्या आत निघायचंय."

विहीणबाईंनी माझा हात हातात घेतला. "न्यायला माझी ना नाही हो. पण ते आता तिच्या देवासच्या आईला, जिजीला विचारायला पाहिजे. सून माहेरी गेली की तिच्यावर आमचा काय हक्क?"

बघा म्हणजे! मुलगी माझी, ती दिली यांना, यांनी पोचवली तिसरीकडे, आणि आता न्यायची तर परवानगी चौथीची. रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. बापूभावजींच्या घोरण्यात मात्र समाधान होतं.

वाटेवर

दुसऱ्या दिवशी देवासचा टांगा केला. टांगेवालाही दक्षिणी निघाला, त्याचे पणजोबा साताऱ्याकडून आलेले. त्याची मराठी ऐकून मला हसू आवरेना. "फिकर नका करू बाईसाहेब, रस्ता एकदम बढिया आहे, आरामशीर पोचून जाऊ." कोणी आडवं आलं की त्याला "ओ भिया, बाजूला सरका की!" म्हणायचा, आणि घोड्याशी तर निव्वळ माळवीतच बोलायचा. मराठीत सांगितलं तर घोडा हलत नाही म्हणे.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन आणि तिच्यावर पांढरी फुलं, नजर पोचेल तिथवर. मी म्हटलं, "काय सुंदर! कसली हो?" टांगेवाला म्हणाला, "अफू." मग मी सुंदर म्हणायचं सोडलं, पण बघायचं काही सोडलं नाही. आमच्याकडे अशी सोन्यासारखी जमीन असती तर भावाभावांनी तिचे इतके तुकडे केले असते की फूल उगवायलाही जागा उरली नसती.

रस्ता एकदम बढिया असल्यामुळे बेटमा गावाजवळ चाक निखळलं. आम्ही तिघं आणि सामान रस्त्यात. टांगेवाला चाक घेऊन सुताराकडे गेला आणि आम्हांला जवळच्या एका घरी बसवून गेला. घर कमाविसदारांचं, म्हणजे तिथल्या वसुलीच्या अंमलदारांचं. त्यांच्या बाईंनी आधी पाट मांडला, मग नाव विचारलं. तिकडे क्रम असाच आहे. भुट्ट्याचा कीस म्हणून मक्याच्या कणसाचा एक पदार्थ केला होता, दुधात शिजवलेला. भावजींनी दोनदा घेतला.

"देवासला कोणाकडे?" बाईंनी विचारलं.

"माझ्या मुलीकडे. यमूकडे."

"अगोबाई! जिजीची यमू?" त्यांचा चेहरा फुलला. "परवा इथूनच गेली ना. लिंबाचं लोणचं पाहिजे म्हणत होती, तेव्हा मुरलं नव्हतं. आता देते, घेऊन जा. पण तुम्ही तिच्या कोण म्हणालात?"

"आई."

"आई?" त्या गोंधळल्या. मग एकदम उजेड पडला. "अच्छा, अच्छा! तुम्ही दक्षिणेतली आई!"

कान लाल झाले माझे. अहो, पोटात मी वाढवलं, गोवराच्या तापात मांडीवर मी घेऊन बसले, आणि मी दक्षिणेतली? जशी काही गोदामात शिल्लक असावी! पण लोणच्याची बरणी मांडीवर घेऊन टांग्यात बसले. बरणीसकट कसा राग करणार?

देवास, थोरली पाती

देवासमध्ये राजे दोन. एक थोरल्या पातीचे, एक धाकट्या पातीचे. मूळचे दोघे भाऊ, त्यांनी गाव वाटून घेतलं, आणि ती वाटणी अजून चालू आहे. एकाच रस्त्याची ही बाजू एका राजाची, ती दुसऱ्याची. दोन वाडे, दोन कचेऱ्या, दोन तुरुंग. गावालगतच्या टेकडीवर देव्यासुद्धा दोन, एक थोरली आणि एक धाकटी. हे पाहून मला फार बरं वाटलं. म्हटलं, शेवटी आपलीच माणसं! भाऊबंदकी कुठे गेली म्हणून मी काळजीतच होते.

जिजींचं घर थोरल्या पातीत. टांगा बोळात शिरला तसा आतून आवाज आला, "यमू, उठू नकोस गं, मी बघते!" हे ऐकलं आणि मी टांग्यातून उतरायचीच विसरले. सासरी तिचं नाव रमा ठेवलं आहे. यमू हे माहेरचं नाव. माहेरखेरीज कोणी घेत नाही.

जिजी म्हणजे एवढी थोरली बाई. दारात उभी राहिली की घरात वारा शिरायचा नाही. चार मुलगे, दोन सुना, यजमान मोठ्या कचेरीत. मला बघितलं मात्र, आणि जुनी ओळख असल्यासारखी म्हणाली, "किती उशीर केलास गं! चाक निघालं ना बेटम्यात? मला कळलं. बस, थकून गेली असशील." पहिल्याच वाक्यात अगंतुगं! भांडायला म्हणून कमरेशी पदर खोचून आलेल्या बाईला कोणी असं बोलू नये. भांडण कुठून सुरू करावं तेच सुचत नाही.

यमू आतून आली. अंगाने भरली होती. तेज आलं होतं तोंडावर. माझ्या पाया पडायला वाकली तशी जिजी ओरडली, "वाकू नको!" आणि यमू म्हणाली, "हो आई."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. यमू मला वहिनी म्हणते. बापूभावजी मला वहिनी म्हणतात, भरल्या घरात मुलं तेच ऐकतात, तेच उचलतात. आमच्या वाड्यात कोणाचंच मूल आईला आई म्हणत नाही, कोणी काकू म्हणतं, कोणी बाई. मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं. डोळ्यांत पाणी आलं, आणि मी धुरामुळे म्हणून सांगितलं. चूल विझलेली होती.

त्या घरात एकांत मिळेल तर शपथ. सकाळी शिंप्याची बायको यायची, ती यमूची मावशी. दुपारी धाकट्या पातीतून कोणी तरी आत्या यायची. दोन राजांचं एकमेकांशी पटो न पटो, आत्या हद्द ओलांडून वाटी घेऊन हजर. कोणी खिरीची वाटी, कोणी मेथीचे लाडू. मी यमूशी एक वाक्य बोलायला घेतलं की अर्ध्यावर कोणी तरी "काय म्हणतेस?" म्हणून मधे बसायची. बापूभावजींनी तर जिजीच्या मामेसासऱ्यांशी कसलंसं नातं शोधून काढलं होतं आणि ते तिला 'जिजीमावशी' म्हणून पाटावर हक्काने बसायला लागले होते. अमावास्या जवळ येत होती.

शेवटी मीच जेवणानंतर सगळ्यांच्या देखत बोलले. "जिजी, मी यमूला न्यायला आले आहे. पहिलं बाळंतपण माझ्या घरी व्हावं अशी माझी इच्छा आहे."

मला वाटलं, आता जुंपणार. जिजीने सुपारी कातरायची थांबवली आणि म्हणाली, "ने ना. पण मग मी पण संग येते."

"तू?"

"आता, मुलीचं पहिलं बाळंतपण, आणि मी इथे बसू? आणि सुईण आपलीच घेऊ. तिचा हात हलका आहे."

"मग मी पण येते," शिंप्याची बायको म्हणाली. आत्याबाईंनी वाईची हवा विचारली. मोठी सून म्हणाली, आम्ही कृष्णामाई बघितली नाही कधी. बघता बघता माझ्याबरोबर अर्धी थोरली पाती निघाली. माझ्या डोळ्यांपुढे सासूबाई उभ्या राहिल्या. मी घाईने म्हटलं, "घर लहान आहे हो आमचं!" जिजी म्हणाली, "चिंता नको करू, आम्ही ओसरीवर झोपून जाऊ."

मला अखेर स्पष्ट सांगावंच लागलं. "जिजी, मला एकटीला माझ्या मुलीला न्यायचं आहे."

जिजीचा अडकित्ता खाली राहिला. ती उठली. "तुझी आहे. ने," एवढंच म्हणाली आणि आत गेली. बाकीच्या बायकाही एकेक करून वाट्या उचलून गेल्या. पहिल्यांदा त्या घरात शांतता झाली, आणि ती मला मुळीच मानवली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी परसात यमू केस वाळवत बसली होती. शेजारी कोणी नव्हतं. मी जाऊन बसले. म्हटलं, "तू काहीच बोलत नाहीस. तुला यायचं आहे ना?"

"तू म्हणशील तर येते. गाठोडं बांधून ठेवलंय."

"ते नाही विचारलं मी."

ती केसांतून बोटं फिरवत राहिली. मग म्हणाली, "वहिनी, तिकडे आले तर तू मला किती दिसशील?"

"म्हणजे काय? तिथेच तर असेन!"

"दिवाळसणाला आले होते तेव्हा तू चुलीशी होतीस आणि मी माजघरात. आजीसमोर तू मला कशी आहेस एवढंही विचारलं नाहीस. निघताना कुंकू लावलंस, तेव्हा तुझा हात लागला. तेवढाच."

माझा संताप झाला. "अगं, घरची रीत आहे ती! थोरांसमोर आपल्या मुलाला जवळ घेत नाहीत. मी घेतलं नाही, तुझ्या काकूंनी घेतलं नाही, माझ्या आईने मला घेतलं नाही. मी काय करू, सांग ना!"

"काही करू नकोस. मी तक्रार करत नाही गं," ती म्हणाली. "तू विचारलंस म्हणून सांगितलं."

तिथे बसवेना मला. उठून विहिरीपाशी गेले, उगाच एक बादली शेंदली आणि ओतून दिली. रीत रीत म्हणून मी एवढी वर्षं चुलीपुढे बसले, आणि ही पोरगी माझे स्पर्श मोजत होती! वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि जितकं वाईट वाटलं तितकाच हट्ट चढला. म्हटलं, नेणारच. या खेपेला मी तिला जवळ घेईन. सासूबाईंसमोर घेईन. बघू कोण काय म्हणतं. असं मी विहिरीपाशी म्हटलं, कारण विहिरीपाशी सासूबाई नव्हत्या.

सकाळी टांगा दाराशी आला. तोच टांगेवाला, दोन्ही चाकांसकट. बोळातल्या सगळ्या बायका जमल्या होत्या. रुसवा कुठच्या कुठे गेला होता त्यांचा. डबे, फडकी, पुड्या यांनी टांगा भरून गेला. बापूभावजींनी बसायची जागा सोडून डब्यांना दिली. जिजीने यमूच्या हातावर दही घातलं. "जाते म्हणू नको. येते म्हण." आवाज अगदी नेहमीसारखा खणखणीत होता, फक्त दही तिने दोनदा घातलं.

यमू उंबरठ्याशी वाकली, उंबऱ्याला हात लावून तो डोळ्यांना लावला. टांग्यात बसली आणि तिने पदर तोंडात कोंबला. आवाज नाही, हुंदका नाही, फक्त खांदे हलत होते. ती जिजीकडे बघत नव्हती. ती बघत होती घराकडे. कौलांकडे, गोठ्याकडे, दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्याकडे. एकेक वस्तू पाठ करावी तशी बघत होती.

बायांनो, तुम्ही सगळ्या सासरी नांदता. मी सांगायला नको. सासरहून माहेरी निघालेली मुलगी कशी निघते? तिचं मागे लक्ष नसतं. टांगा कधी हलतो असं तिला झालेलं असतं, आणि रडायचंच झालं तर चार माणसं बघतात म्हणून रडते. ही तशी रडत नव्हती. ही रडत होती तसं आपण रडतो ते दुसऱ्या वेळी. मी रडले आहे तशी, कवठ्याच्या माहेराहून वाईला येताना, दर खेपेला. ते रडणं मला दुरून ओळखू येतं.

"थांब रे," मी टांगेवाल्याला म्हटलं. "ते गाठोडं खाली घे."

"काय झालं वहिनी?" बापूभावजी डब्यांमागून म्हणाले. "काही विसरलं का?"

"नाही. मुलगी उलट्या बाजूला निघाली आहे."

यमू माझ्याकडे बघायला लागली. मी तिला हात धरून खाली उतरवलं. आणि मग, इतक्या बायका बघत असताना, भर बोळात, मी तिला जवळ घेतलं. रीत मोडताना वाटलं होतं तितकं काही झालं नाही. फक्त तिला पोटामुळे नीट धरता येईना, म्हणून आम्ही दोघी जरा तिरक्या उभ्या राहिलो. ती तशीच कितीतरी वेळ होती. मीही सोडलं नाही.

मी जिजीला म्हटलं, "मी भेटायला आले होते गं. मुलगी माहेरी असली की आईने भेटायला यावं, नाही का? आले, भेटले."

"मग राहून जा ना बाळंतपणापर्यंत!" ती डोळे पुसत म्हणाली. "भेटायला आलेली बाई अशी उभ्या उभ्या जाते का?"

राहिले असते. देवाशपथ राहिले असते. पण मला घरून सुट्टी होती ती अमावास्येपर्यंत, आणि माझ्या जागी चुलीपुढे धाकटी जाऊ बसली होती. तिने किती बोलून दाखवलं असतं ते मला माहीत. जिजीने मग माझीच ओटी भरली. बापूभावजींनी टांग्यातले डबे उतरवू दिले नाहीत. ते म्हणाले, डबे वाईला जायला निघालेले आहेत, त्यांना परत पाठवणं अपशकुन आहे.

वाई

टांगा दाराशी थांबला तेव्हा सासूबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उंबरठ्यात उभ्या होत्या. त्यांच्या मागे यजमान, जावा, पोरं, वाड्यातली झाडून सगळी. आधी बापूभावजी उतरले, मग डबे उतरले, मग मी उतरले. सासूबाईंनी टांग्यात वाकून बघितलं. टांगा रिकामा होता.

"अगं, तू एकटीच? मुलगी कुठे आहे?"

मी त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर सारखा केला. पण मान काही खाली घातली नाही.

"माहेरी सोडून आले," मी म्हटलं.